झोपाळा उतरवताना

पूर आम्हाला माहीत आहे.
विश्वामित्री फुगली की स्कूटर कोणाच्या ओट्यावर न्यायची,
आणि पाणी ओसरलं की पार्किंगमध्ये उतरण्याआधी
काठी आपटायची, कोपऱ्यात मगर असलीच तर
तिला कळावं आपण आलोय,
हे कारेलीबागेत पोरांनाही शिकवावं लागत नाही.
वारा मात्र आम्हाला माहीत नाही.

म्हणून तिसऱ्या मजल्यावर गेले, बेहेरांकडे.
रिफायनरीतले, मूळचे पारादीपचे.
सहा वर्षांत जिन्यातल्या हसण्यापलीकडे बोलणं नाही.
त्यांनी बसा म्हटलं नाही. चपला घातल्या,
माझ्यामागून आमच्या घरी आले
आणि खोल्यांमधून असे फिरले
जसा डॉक्टर पोटावर बोटं दाबत जातो.

खिडक्यांच्या काचांवर मी चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या होत्या.
म्हणाले, दिसायला बरं आहे. पलंग तेवढा इथून हलवा.
गच्चीवरची टाकी भरा, रिकामी टाकी उडते.
कुंड्या न्हाणीघरात. तुळससुद्धा, हो.
मग गॅलरीत आले आणि थांबले.
हा, म्हणाले.

हा म्हणजे झोपाळा.
शिसवी पाट, पितळी कड्या,
एका कडीत मोर, एकीत हत्ती, मग पुन्हा मोर.
लग्नाच्या वर्षी मंगळबाजारातून हातगाडीवर आणलेला.
खरं सांगायचं तर गेली चार वर्षं
त्याच्यावर फक्त इस्त्रीचे कपडे बसतात.
तरी मी म्हटलं, हा कसा काढणार?
ते म्हणाले, वाऱ्यानं काढला तर दारातून आत येईल.

एकतीस वर्षांची गंजलेली कडी.
निरंजन स्टुलावर, खालून वॉचमन राठवा पाट तोलून धरलेला,
आणि तळमजल्यावरच्या जसुबेन, कोणी न विचारता,
तेल नाखो, तेल नाखो.
त्या स्वतः छुंद्याच्या अकरा बरण्या घेऊन वर आलेल्या.
उन्हात अजून दोन दिवस हवे होते म्हणे,
साखर अजून एकतारी झाली नाही.
वादळाला हे कोणी कळवलंच नव्हतं.

कडी निघाली तेव्हा छतावर
तिच्या चकतीएवढा हिरवा गोल दिसला.
हा रंग. यावरून आम्ही दोघं आठ दिवस बोललो नव्हतो,
मी जिंकले होते, आणि नंतर
कधी पांढरा दिला तेही आठवेना.
निरंजन स्टुलावरूनच म्हणाला, तुझा पोपट.
तेवढ्यात पहिल्या मजल्यावर कोणाचं तरी दार आपटलं
आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो.
वारा नव्हता. दारच होतं.

राठवाची केबिन पत्र्याची.
हे कोणी मोठ्यानं बोललं नाही.
मीच खाली जाऊन बुधलीला म्हटलं, मुलांना घेऊन वर ये,
आणि म्हणताना लक्षात आलं की या मुलांची नावं
मला माहीत नाहीत.

आता पाट मधल्या पॅसेजमध्ये आडवा, खिडक्यांपासून लांब.
त्याच्यावर गोधडी, गोधडीवर धाकटा, चंदू.
कुकरमध्ये पाणी, पातेल्यांत पाणी, श्रीखंडाच्या डब्यांतही.
मेणबत्त्या मिळाल्या त्या केकवरच्या,
एक सात, एक चार.
रेशनकार्ड, घराचे कागद, निरंजनच्या छातीचा रिपोर्ट
एकाच पिशवीत, गाठ मारून.

दिवे नवाच्या सुमारास गेले.
बेहेरा टॉर्च घेऊन उतरले, भिंतीला टेकून बसले.
म्हणाले, आवाज येईल, मालगाडीसारखा.
मग मध्येच सगळं शांत होईल.
तेव्हा बाहेर जायचं नाही.
थोडं थांबून म्हणाले, माझे काका गेले होते.
गाय सोडायला.

जसुबेन अंधारात बरण्या मोजतायत. दहाच भरतात.
चंदू पाटावर पाय झाडतो, कंबर हलवतो,
आणि तक्रार करतो, हा हलत का नाही?

बेहेरा टॉर्च विझवतात.
पायाच्या अंगठ्यानं पाट बोटभर पुढे ढकलतात,
फरशीवर खर्र,
बोटभर मागे.