सांधे

गुरुवारी किल्ल्या द्यायच्या आहेत.
सामान गेलं. उरली आहे
ही हातभर रुंद ओली खोली, एक स्टूल, मी
आणि ओजसचा लहानपणीचा ब्रश.
मुठीवरचा डायनासोर अजून दात दाखवतोय.

हॅलिफॅक्सच्या या उतारावर
ऊन मागच्या भिंतीला शिवतं ते मे महिन्यात,
दुपारी चारला, तेही दारातूनच बोलून जाणाऱ्या
पाहुण्यासारखं.
एरवी भिंती घाम गाळतात
आणि दोन टाइलांमधल्या रेघेत काळं उगवत राहतं.
आधी मोहरीएवढं. मग तीट लावल्यासारखं.
मग गिरगटलेल्या वहीसारखं.

गॅरेथची पत्रं मी फाइलला लावली होती:
स्वयंपाक करताना झाकण ठेवावं.
घरात कपडे वाळत घालू नयेत.
आंघोळीनंतर खिडकी उघडावी.
पाहणीत भिंतीचा दोष आढळला नाही,
ओल राहणाऱ्यांची आहे.

ते शेवटचं वाक्य हेरंबनं मोठ्यानं वाचलं.
म्हणाला, म्हणजे श्वास घेऊच नका,
घेतलात तर सोडायला बसस्टॉपवर जा.
हसून हसून आरशावर वाफ धरली.

अकरा वर्षांची वाफ आहे ही.
डाळीची, इस्त्रीची,
ओजसच्या घोगऱ्या झालेल्या आवाजाची,
मी नळ सोडून रडले त्या दोन-तीन वेळांची.
सगळी इथे येऊन, जागा बघून बसली.

ब्लीच डोळ्यांत जातं.
व्हिनेगर त्यात मिसळायचं नाही, बाटलीवर लाल अक्षरात आहे;
दोघांना एका खोलीत ठेवू नये अशी माणसंही असतात.
पेपर टॉवेलच्या सुरळ्या भिजवून
दरजांत दाबून ठेवल्या रात्रभर,
तापात कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवतात तशा.
सकाळी घासायला बसले
तर गुडघे बोलू लागले.
सांध्याशी सांधा, दुसरं काय.

बुरसटलेले.
हा शब्द मी सासऱ्यांना वापरला होता एकदा,
फोनवर, रागात.
पलीकडे फक्त पंखा ऐकू येत राहिला.
तेव्हा वाटायचं, बुरशी म्हणजे जुनं काहीतरी.
जुनी कुठली? ही तर आज सकाळची आहे.
जिथे हवा पोचत नाही तिथे
रोज नव्यानं धरते.
आणि दर रविवारच्या त्या फोनमध्ये
हवा आम्ही तरी कुठे जाऊ दिली,
हवामान सांगितलं फक्त.

खालून तिसरी रांग, नळाच्या मागे.
काळं निघालं, करडं निघालं,
आणि पांढऱ्यात एक अंगठा वर आला.
ओल्या ग्राउटवर कुणीतरी टेकवलेला,
रेषांसकट, कडेला एक जुना व्रणसुद्धा.
शुक्रवार असेल. घाई असेल.
खाली व्हॅनचा हॉर्न वाजत असेल.
सगळ्या खोलीत तेवढीच एक जागा
सरळ करायची राहून गेली.
मी ब्रश खाली ठेवला.
माझा अंगठा त्यात घालून पाहिला:
मावला, वर जागा उरली.
बाथरूममध्ये एकटीच बसून
कुणा अनोळखी माणसाचा हात धरल्यासारखं झालं,
आणि मी तो लगेच सोडला नाही.

गुरुवारी गॅरेथ आला. पायांत निळ्या पिशव्या,
हातात टॅबलेट. शॉवरचे नऊ फोटो काढले.
वाकून बोट फिरवलं सांध्यावरून,
अंगठ्याच्या वीतभर अलीकडे थांबला.
म्हणाला, वा, नव्यासारखं.
डिपॉझिट दहा दिवसांत जमा होईल.

मग दोन्ही खांदे आवळले,
केवढी थंडी आहे इथे, म्हणाला,
आणि हात लांबवून
खिडकी लावून घेतली.