त्रुटी क्रमांक तीन

अत्तरदे सरांची शिट्टी
बोरी नदीच्या पात्रापर्यंत ऐकू जायची.
काळ्या मातीचं मैदान, मार्चपासून भेगा.
एकीत खेमा पावराचा पाय गेला,
सरांनी त्याला सायकलवर डबलसीट नेला
अमळनेरच्या सरकारी दवाखान्यात.

"बॉल काय तुना बापना शे? दी टाक ना भो!"
एवढंच त्यांचं शास्त्र.
आणि मॅचआधी भिजवलेले हरभरे,
रुमालातून, प्रत्येकी एक मूठ.

झोनलची फायनल एकदाच. पेनल्टी मी मारली,
बाहेर.
सर म्हणाले, वारा होता.
वारा नव्हता.

मग ते विद्यापीठात क्रीडा संचालक झाले.
टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रकं,
तलवारबाजीचंसुद्धा.

आता त्याच मैदानावर मी कोच.
दोन गोलजाळ्यांसाठी फाईल पाठवतो,
फाईल परत येते.
त्रुटी एक: तिसरे कोटेशन जोडलेले नाही.
त्रुटी दोन: जुन्या जाळ्यांचे निर्लेखन झालेले नाही.
खाली सही, शेवटच्या 'दे'ची मात्रा
कॉर्नर किकसारखी आत वळलेली.

जुन्या जाळ्या? त्या तर
तुमच्याच काळात उंदरांनी नेल्या, सर.

रात्री फाईल पुन्हा उघडली, दिव्याखाली धरली.
समासात पेन्सिल होती, खोडलेली,
पण दाब राहिलेला:
तुझा लेफ्ट बॅक वर जातो
आणि परत येत नाही.
शुक्रवारी पाहिलं. गाडीतूनच.

मंजुरी अजून नाही.
तिसरं कोटेशन मी मेव्हण्याकडून आणलं,
त्याचं भांड्यांचं दुकान आहे.