मधली वेळ

शनिवारी चौथ्या लेनच्या टोकाला आम्ही तिघं:
मी, प्लास्टरचं काम करणारा लेशेक,
आणि डेरेक हॅटर्सली, वय अठ्ठ्याहत्तर,
पोरवयात आइसलँडपर्यंत कॉडच्या मागे गेलेला.
तिघांच्या गळ्यात तीन घड्याळं.
नियम असा की तिन्ही आकडे लिहायचे,
उतावळा सोडायचा, सुस्त सोडायचा,
मधला खरा.

बाहेर हल शहरावर हंबर नदीचं धुकं,
आत क्लोरीन, चष्मा आंधळा,
शिट्टी, आणि आठ पाठी एकदम वाकतात.

डेरेकला पोहता येत नाही.
‘ट्रॉलरवर कुणालाच येत नसे,’ तो म्हणतो,
‘त्या पाण्यात पोहणं म्हणजे मरण लांबवणं.’
मलाही येत नाही.
आम्ही दोघं काठावरचे कारकून,
पाण्याचा हिशेब ठेवतो,
पाण्याशी व्यवहार नाही.

मळ्यातल्या विहिरीत भाऊ उड्या मारायचे,
पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, पुढे तोही नाही.
मला काम कपडे सांभाळायचं
आणि मोजायचं, कोण किती वेळ खाली राहतो.
एकदा शरद एकसष्टला वर आला.
बावन्नला मी मोजणं सोडलं होतं,
तोंड मात्र आकडे म्हणतच होतं.

हे लेशेकला सांगितलं नाही. डेरेकला सांगितलं.
त्याने घड्याळाची दोरी सारखी केली
आणि पुढच्या शर्यतीचा कागद माझ्याकडे दिला.

स्वानंदी आठव्या वर्षापासून या क्लबात.
दोनशे मीटर बटरफ्लाय, दोन मिनिटं एकतीस पॉइंट चार:
तिची जन्मवेळ विसरेन, ही नाही.
तिची शर्यत आली की मला दुसऱ्या लेनवर पाठवतात.
आईचा अंगठा लवकर पडतो म्हणे.

मार्चमध्ये, गाडीत, केस ओले, तोंडात केळं,
ती म्हणाली, ‘आई, मी पोलोला जाते.
मला आता मोजून घ्यायचं नाही.’
राउंडअबाउट आला.
मी दोनदा फिरले.

मला वाटलं मॉरीन चिडेल. सात वर्षं पहाटे साडेपाचला
हिच्यासाठी काठाकाठाने चालली ती बाई.
म्हणाली, ‘गोलकीपर हवीच होती त्यांना. हात लांब आहेत तिचे.’
हात लांब.
शरदवर गेलेत.

गुरुवारी रात्री आता मी वर, प्रेक्षकांत.
डायव्हिंगच्या पाच मीटर फळीवर एक बारकं पोर
तिसऱ्या आठवड्यात तिसऱ्यांदा चढतं, उभं राहतं,
शिडीनेच खाली येतं.
कुणी हसत नाही. कोच त्याला टॉवेल देते,
उडी मारल्यासारखाच.

पलीकडे माझी पोर, लाल टोपी, कानांवर प्लास्टिकच्या वाट्या.
तळ पायाला लागत नाही. भिंतीला हात लावायचा नाही.
पाय खाली रवी घुसळावी तसे,
आणि वर ती छातीपर्यंत पाण्याबाहेर,
पोहत नाही, बुडत नाही,
उभी.
आणि ओरडते! ‘डावीकडे! अगं डावीकडे!’
मराठीत.
कुणाला कळतं कोण जाणे, पण सगळ्या डावीकडे सरकतात.
सात वर्षं पाण्यात मला तिची पाठच दिसली होती.
हा आवाज कुठे होता?

डेरेक शेजारी येऊन बसतो. फ्लास्कच्या झाकणात चहा.
माझ्या पर्समध्ये शनिवारचं घड्याळ,
परत द्यायचं राहिलेलं.
समोरून चेंडू सुटतो, ती उगवते,
आणि माझा अंगठा पडतो.

‘काय मोजतेस?’
‘किती वेळ वर राहते ते.’

तो चहा संपवतो. तिकडे बघतो. पुन्हा ओततो.
‘बॅटरी संपेल,’ म्हणतो.