बेशुद्धाचं काम

रासयच्या यार्डात, सुकतीला चिखलावर टेकलेल्या
जुन्या बार्जच्या तीन नंबर टाकीत
आज मी मेलेला नाही, बेशुद्ध आहे.
कायतान फुर्तादनं तसं बजावून सांगितलं:
"बेशुद्ध. दोन्हींत फरक चार-सहा मिनिटांचा,
आणि तेवढ्यासाठीच आपण सगळे इथं."

मला निवडलं वजनामुळे. ब्याऐंशी किलो.
वाळू भरलेला त्यांचा बाहुला वेर्ण्याला कुठल्या कारखान्यात अडकलाय,
तेव्हा तारी, तूच झोप.

झोपलो, गंजाच्या पापुद्र्यांवर.
आधी दोन तास पंख्यानं हवा मारलेली,
मीटर वीस पूर्णांक नऊ दाखवत होतं,
तरी पाठीला जुनी ओळख पटली.
गंज हवा खातो, हे अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत
मला कुणी सांगितलं नव्हतं.
बंद टाकीत लोखंड बसल्या जागी श्वास घेत राहतं
आणि माणसापुरतं उरत नाही.
वास नाही, धूर नाही.
शिडीच्या चौथ्या पायरीवर गुडघे सुटतात, एवढंच.

वर, मॅनहोलच्या लंबगोल उजेडात,
तिवई, कप्पी, हेल्मेटं.
फोंड्याच्या अग्निशमनातल्या दोन पोरी,
खतकारखान्याचे चौघे, आमचा वेल्डर बुधू.
कुणी धावत येत नाही.
मीटर सोड. किती? मोठ्यानं वाच.
एकजण गाठ तपासतो, दुसरी तीच गाठ पुन्हा तपासते.
मी खाली पडलोय आणि वर पाढे चाललेत,
इतके सावकाश
की मला राग यावा.

सकाळी कायताननं फळ्यावर लिहिलं होतं,
नियम पहिला: मागोमाग आत शिरायचं नाही.
खाली सख्खा भाऊ असला तरी.
पहिला जातो न कळल्यामुळे, तो म्हणाला,
दुसरा मायेपोटी, तिसरा त्या दोघांसाठी.
सगळ्यांनी वहीत उतरवलं.
मी नुसता पेन धरून बसलो.

नऊ वर्षं झाली. पलीकडच्याच धक्क्यावर
सुक्रा गंज खरवडताना आत कोसळला
आणि उल्हास गेला त्याच्यामागं, शर्ट काढून,
जणू नदीतून कुणाला ओढून काढायचंय.
तिसरा मी होतो.
मी एक पाय आत घातला होता.
तो मी बाहेर काढला.

तेव्हापासून उल्हासच्या घरावरून जात नाही.
चवथीला माटोळीची फळं तेवढी पोराहाती पाठवतो.
सुषमा एकदाच बोलली, बाजारात,
तिसऱ्यांचा वाटा निवडता निवडता:
"तू होतास ना रे तिथं?"
होतो.

ज्याला मी नऊ वर्षं भित्रेपणा म्हणत आलो
ते त्यानं खडूनं नियम म्हणून लिहिलं,
खाली दोन रेघा मारल्या.
मला बरं वाटायला हवं होतं.
पण मी काही नियम पाळला नव्हता, मी घाबरलो होतो.
पाय तोच, बाहेर काढलेला.
फळ्याला त्यातला फरक कळत नाही.

आता उजेड अडतो. पोरगी उतरतेय,
पाठीवर सिलिंडर, मुखवट्यातून घुमणारा श्वास.
पट्टे मांड्यांखालून घेते, छातीशी आवळते,
"दादा, हात आत घ्या" म्हणते आणि विसरते
की बेशुद्धाशी बोलायचं नसतं.
कप्पी करकरते. मी तरंगत वर निघतो,
सुक्राच्या, उल्हासच्या वाटेनं, उलट दिशेला.

दोर हाताला लागला.
एक हिसका म्हणजे ठीक. दोन, सैल सोड.
तीन, ओढ. चार, मदत.
मी एक दिला.

"तारी!" कायतान वरून ओरडला,
"बेशुद्ध माणूस खुणा करत नाही. कुणाला सांगतोस?"
उत्तर द्यायचं नव्हतं, मी बेशुद्ध होतो.

"पुन्हा," तो म्हणाला. मला खाली सोडलं.
भरती लागेपर्यंत
त्यांना मला अजून तीनदा वाचवायचं होतं.