घडी

पहिल्या वर्षी, दर मंगळवारी,
देवरुखकर सर आम्हाला म्युझियममध्ये सोडायचे.
सोडायचे म्हणजे अक्षरशः, माळावर गुरं सोडावीत तसे,
आणि स्वतः बागेतल्या बाकावर पेपर उघडून बसायचे.
एकच वस्तू निवडा, म्हणायचे. एकच.
तासभर तिच्यासमोर उभे राहा.
कंटाळा आला की आणखी थोडं.

आफरीनने चिनी बरणी निवडली,
निळ्या ड्रॅगनची,
जिचं मूळ झाकण कुठल्याशा समुद्रात गेलं असावं
आणि नंतर कुणीतरी पितळेचं बसवलंय,
आपल्या तांब्याच्या घाटाचं.
ड्रॅगनला ते चालतंय, असं तिचं मत.

मी बसायला जागा शोधत होते.
आदल्या रात्री दोनपर्यंत हॉटेलच्या चादरी होत्या,
एकशे चाळीस, आणि वर उशांचे अभ्रे.
मोकळं बाक मिळालं ते नेमकं बुद्धासमोर.

पाटीवर लिहिलं होतं: गांधार. पाषाण.
खाली बारीक अक्षरात, ग्रीक-रोमन प्रभाव.
उतरवून घेतलं वहीत. प्रभाव.
आमच्या दुकानात ह्याला रंग लागणं म्हणतात.
लाल साडीबरोबर पांढरं धोतर भिजलं
की गिऱ्हाईक फक्त धोतराचं भांडण करतं,
साडीचंही काही गेलेलं असतं
ते कुणी विचारत नाही.

मग चुण्या दिसल्या.
डाव्या खांद्यावरून निघून
छातीवर वळणं घेत खाली उतरलेल्या,
गुडघ्यापाशी जरा सैल.
मी मनातल्या मनात इस्त्री तापवली.
जाड कापड. लोकर.
स्वतःच्याच वजनाने ओढलं गेलेलं.
पाणी मारल्याशिवाय ही चुणी मोडायची नाही.
ज्याने कोरली त्याने लोकर धुतलेली असणार,
निदान त्याच्या आईने,
आणि पिळताना दुसरं टोक ह्याच्या हातात दिलं असणार.

सरांनी विचारलं, काय दिसलं?
मी म्हटलं, सर, ह्याला थंडी वाजत होती.
वर्ग हसला.
सर मला पलीकडे घेऊन गेले, मथुरेकडच्या मूर्तीपाशी.
तोच बुद्ध.
अंगावर कापड आहे की नाही ते कळेना,
खांद्यावर काठाची तेवढी एक रेघ.
मलमल, मी म्हटलं. उन्हाळा.
ओलसर असतानाच इस्त्री फिरवावी लागते हिला.
असंच लिही, सर म्हणाले, अगदी असंच.
पेपरात मी प्रभावच लिहिलं.
मार्क हवे होते.

बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा
ते सातरस्त्याच्या दुकानात कोळसा फुंकत होते.
दोन हजार वर्षं? म्हणाले,
आणि अजून घडी मोडली नाही कुणी?

दुकानाच्या सुट्टीला आले मग, पूर्ण तिकीट काढून,
स्वतःच कडक केलेल्या शर्टात.
दालनात माझ्यापुढे चालत गेले, थेट,
जणू पत्ता ठाऊक होता.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग उजवा हात उचलला,
तळवा उघडा, बोटं जुळलेली,
इस्त्रीची धग जोखताना धरतात तसा, न टेकवता.
हात लावू नका काका, पहारेकरी म्हणाला.
नाही लावत, बाबा म्हणाले, आणि हात तसाच ठेवला.
समोर बुद्धाचा तो हात
मनगटापासून नव्हता.

मी काहीतरी म्हणणार होते, सरांना आवडेलसं,
इतक्यात ते वाकून डावीकडे गेले,
चष्मा वर केला, आणि मला जवळ बोलावलं.
इथे बघ, हळूच म्हणाले,
ह्या शेवटच्या तीन चुण्या.
सारख्या आहेत.
इथे कंटाळलाय तो.

मग विचारलं, प्यायचं पाणी कुठे आहे,
आणि त्या निळ्या बरणीकडे जाताना
दोनदा मागे वळून पाहिलं,
गिऱ्हाइकाचं कापड
दुसऱ्याच्या दुकानात राहून गेल्यासारखं.