सुटे खिळे

प्लॉवदिव शहरात, मारित्सा नदीच्या अलीकडे
एका तळघरात ओनिक अजून खिळे जुळवतो.
वय ब्याऐंशी. उजवा अंगठा शिशानं कायमचा काळा.
दुभाष्या पोरगा बाहेर सिगारेट ओढतोय,
आमच्यात उरलीय मोडकी रशियन,
आणि ती दोघांनाही आवडत नाही.

खण ओढून दाखवतो : सिरिलिक, अर्मेनियन,
एकात मूठभर हिब्रू, धूळ बसलेली;
ऑर्डर देणारे कधीच समुद्रापार गेले.
"शिसं मात्र एकच," म्हणतो.
"झिजलं की वितळवायचं.
स्तोत्राचं शिसं निवडणुकीच्या पत्रकात गेलं,
पत्रकाचं एका पोराच्या कवितांत.
दोनशे प्रती. खपल्या अकरा.
बाकीच्यांत शेजारचा सूर्यफुलाच्या बिया बांधायचा.
एकाही खिळ्यानं तक्रार केली नाही."

मी हे वहीत टिपते. माणूस एक, शिसं एक.
कुठल्याशा परिषदेत चालून जाईल. टाळ्यासुद्धा पडतील.

तो फळीमागून एक कागद काढतो.
पंच्याऐंशी सालचा जानेवारी. छापील फॉर्म.
डाव्या रकान्यात जुनं नाव, उजव्यात नवं.
वर ठळक टाइपात, शीर्षकासारखं :
निये एक आहोत.
"मी जुळवलं," म्हणतो. "एक चूक सापडणार नाही."

बाइंडिंगला नाझमिये बसायची,
वीस वर्षं त्याच टेबलाशी, दाभण ओठांत धरून.
त्या दिवशी तिनं शंभर-शंभराचे गठ्ठे बांधले,
त्यातलाच एक कागद तिच्यासाठी होता.
आठवडाभरानं ती नादिया होऊन कामावर आली.
ओनिकनं हाक मारली.
कुठल्या नावानं, ते आठवत नाही,
असं तो म्हणतो.
चार वर्षांनी, उन्हाळ्यात, ती सीमेपलीकडे गेली.
दाभण इथंच आहे, खिळ्यांच्या खणात,
कुठल्याच लिपीचं नसलेलं.

मग एकदम विचारतो,
तुझ्या भाषेत 'निये'ला काय म्हणतात?
आणि इथले सगळे बोटांवर मोजतो :
निये, बिझ, मेंक, मोझोत्रोस.
प्रत्येकाकडे एकेकच.

आमच्याकडे दोन, मी म्हणते.
एकात ऐकणारा घरात असतो,
दुसऱ्यात पायरीवर.

तो फॉर्मकडे बघत राहतो.
"मग हा कुठला?"
त्या ठळक ओळीवर मी बोट ठेवते.
आम्ही. नक्कीच आम्ही.
"प्रार्थनेत कुठला?"
दोन्ही. दाराशी कोण उभं आहे त्यावर.
"आणि कवितेत?"
कवितेत आपलं 'मी'च म्हणायचं,
आणि वाट बघायची, कुणी आत येतं का.

दोन्ही शब्द कागदावर लिहून देते.
त्याला वाचता येत नाहीत, पण जुळाऱ्याची नजर :
"इथं दोन अक्षरं एकमेकांत अडकलीत.
सगळ्यांना पोटात घेणारा तो हाच ना?"
नाही. तोच दार लावणारा.
जोडाक्षर 'आम्ही'त आहे.
'आपण'मधली तिन्ही सुटी.
जन्मभर हे लिहीत आले
आणि आज दिसलं, परक्याच्या काळ्या अंगठ्याखाली.

"ही वरची रेघ?"
ती सगळ्यांवरूनच जाते. तिचा भरवसा नाही.

तो हसत नाही.
"सुटे खिळे बरे," पुटपुटतो,
"शब्द मोडला तरी खणात परत जातात.
जुळलेला खिळा फक्त वितळवता येतो."

दारात दुभाष्या पोरगा. सिगारेट विझवत म्हणतो,
खानावळ बंद होईल, निये निघतोय.
कोण कोण, ते त्या शब्दातून कळत नाही.
ओनिक दिवा मालवतो
आणि अंधारात कोट शोधायला लागतो.