भोपळा आणि पेनड्राइव्ह

मिरज, सतारींच्या गल्लीत
तिसऱ्यांदा तोच निळा पडदा.
इलाहीचाचांचा कॉम्प्युटर आता
बिलसुद्धा छापत नाही.

मी पेनड्राइव्ह लावतो.
‘यावरचं सगळं पुसलं जाईल’, खिडकी बजावते.
यावर शमाच्या मेंदीचे फोटो आहेत.

चाचा भोपळ्यात कोपरापर्यंत हात घालून
गर खरवडतायत.
“पोकळ केल्याबिगर वाजायचं कसं?”
मग थांबून,
“बिया मात्र मी ठिवतो बाबा. डबीत.”

फोटो मोबाइलवर घेतले. एकशे बारा.

मग पुसलं. लिनक्स भरलं.
एफ-बारा दाबत राहिलो, चहा निवला.
काळ्यावर पांढऱ्या ओळी धावल्या, थांबल्या:
भाषा निवडा.
खाली, बरीच खाली, मराठी.

चाचांनी हात पुसले, चष्मा शोधला.
“हितं आपलीबी हाय व्हय?”